रिमोट लॉगिनचा परवाना बिलावर छापून द्या : नाशिकहून खुले पत्र

माननीय इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्री, भारत सरकार यांस,

सविनय नमस्कार.

मी सातपूरला कर सल्लागार आहे. अंबड-सातपूरचे छोटे कारखानदार, पिंपळगाव बसवंतचे द्राक्ष व्यापारी यांचे हिशेब आमच्याकडे असतात. आम्ही ७ जण क्लाउडवरच्या, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या, एकाच विंडोज सर्व्हरवर रिमोटने (आपापल्या कॉम्प्युटरवरून लॉगिन करून) टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर चालवत होतो. टॅलीचा परवाना रीतसर घेतलेला, म्हणजे झाले, अशी माझी समजूत. सर्व्हर भाड्याने देणारा म्हणाला होता, "कितीही युजर चालवा." ४ महिने चालले. मग एका १८ तारखेला सकाळी कोणालाच लॉगिन होईना. २० तारीख जीएसटीआर-३बीची, म्हणजे जीएसटीचे मासिक रिटर्न भरण्याची शेवटची! आदल्या रात्रीचा बॅकअप ऑफिसच्या कॉम्प्युटरवर चढवून दोन रात्री जागून आम्ही रिटर्न भरले.

चौकशी केल्यावर उलगडा झाला. विंडोज सर्व्हरसोबत रिमोटची दोनच लॉगिन मिळतात, तीही सर्व्हरच्या देखभालीपुरती. रोजच्या कामाला माणसागणिक किंवा मशीनगणिक वेगळा परवाना लागतो. तो नसला तरी सुरुवातीचे १२० दिवस सवलतीचे असतात. आम्हाला विकलेले "कितीही" हे त्या १२० दिवसांतले होते. भाड्याने सर्व्हर देणाऱ्याला तर मायक्रोसॉफ्टशी सेवा पुरवठादाराचा करार करून दर युजरमागे दरमहा पैसे भरावे लागतात. स्वतःच्या ऑफिससाठी घेतलेले परवाने तो ग्राहकांना वाटू शकत नाही.

आमचा विक्रेता म्हणाला, "१२० दिवसांची मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू करून देतो." मी साफ नकार दिला. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ब मध्ये सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला ७ दिवस ते ३ वर्षे तुरुंगवास आहे. खरी गोष्ट कळल्यावर "मला माहीत नव्हते" असे मी कोणत्या तोंडाने म्हणणार? ग्राहक आयोगाकडे जावे, तर २०१९ च्या कायद्यात धंद्यासाठी घेतलेली सेवा सहसा बसत नाही.

सरकारी खात्यांना क्लाउड विकणाऱ्यांची मान्य यादी (पॅनेल) तुमचेच मंत्रालय करते, त्यांची तपासणी होते. आम्हाला विकणाऱ्याला मात्र कोणी काही विचारत नाही. बिस्किटाच्या पुड्यावर वजन आणि किंमत छापावी लागते. तसेच सर्व्हरच्या प्रत्येक बिलावर रिमोटचे परवाने किती, कोणत्या प्रकारचे, कोणाच्या नावावर आणि कधीपर्यंतचे, हे छापणे सक्तीचे करा. दर वाढला तरी चालेल. तो आधी कळला, तर आम्ही आमच्या फीमध्ये धरू.

आपला,
एक कर सल्लागार, सातपूर, नाशिक