कोकणची बोट : मित्रास पत्र

रत्नागिरी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. या हिवाळ्यात सहकुटुंब मुंबईला येऊन तिथून क्रूझने गोव्याला जाण्याचा तुझा बेत वाचून आनंद झाला. आपली आजोबा मंडळी बोटीने जात तो हाच मार्ग का, असे तू विचारले आहेस. समुद्रातली वाट बहुतांशी तीच आहे. मात्र त्या वाटेने कोण जाते आणि कशासाठी जाते, हे शंभर वर्षांत पार बदलले. या विषयाचा मला किती जिव्हाळा आहे हे तू जाणतोस, तेव्हा पत्र लांबले तर सांभाळून घे.

शतकापूर्वी कोकणात बोट ही गरजेची गोष्ट होती. घाट, खाड्या आणि अर्धवट रस्ते यांमुळे मुंबईचा गिरणी कामगार किंवा घरगडी गावी जायचा तो भाऊच्या धक्क्यावरूनच. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी मुख्यतः धावत. कोकणातली माणसे तिला शेपर्डची कंपनी म्हणत. स्वदेशीच्या चळवळीत तिच्याशी स्पर्धा करायला इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली. ती लोकांच्या तोंडी ‘माझी आगबोट कंपनी’ झाली आणि तिच्या बोटींना तुकाराम, रामदास अशी संतांची नावे मिळाली. परक्या कंपनीची बोट सोडून आपल्या बोटीने जाणे हे त्या काळी देशकार्यच मानले जात असे.

प्रवास मात्र सुखाचा नव्हता. बहुतेक चाकरमानी डेकवरचे प्रवासी असत. बोट सुटण्याच्या किती तरी आधी जाऊन वळकटी पसरून जागा धरायची आणि मग ट्रंका, बोचकी, कोंबड्या आणि रडणारी मुले यांच्या गर्दीत रात्र काढायची. खालच्या डेकवर इंजिनाची धग आणि तेलाचा वास असे. बोट लागलेली माणसे लिंबू हुंगत किंवा आवळासुपारी चघळत पडून राहत. खरी कसोटी तर उतरताना लागे. हर्णै, मालवण यांसारख्या बंदरांत बोट किनाऱ्यापासून दूर नांगर टाकून उभी राही आणि प्रवाशांना न्यायला पडाव, म्हणजे मोठ्या होड्या, येत. माझी आत्या त्या उतरण्याचे वर्णन इतके बारकाईने करी की, मला ते स्वतः पाहिल्यासारखे वाटते. लाटेबरोबर पडाव वर येई, क्षणभर बोटीच्या दाराशी थांबे आणि पुन्हा पुरुषभर खाली जाई. त्या क्षणी खलाशी दंड धरून ‘आता!’ म्हणे आणि नऊवारीचा काचा मारलेल्या बायका डोळे मिटून पाऊल टाकत. तान्ही मुले वरच्या हातांतून खालच्या हातांत झेलली जात. पडावही अगदी कोरड्यापर्यंत पोहोचत नसे. शेवटचे अंतर गुडघाभर पाण्यातून किंवा कोळ्याच्या खांद्यावरून पार करायचे. मे महिन्याच्या अखेरीस लांबच्या बंदरांची ही वाहतूक थांबे आणि पावसाळा सरल्यावरच पुन्हा सुरू होई.

जुन्या दिवसांच्या आठवणी काढताना आपण ‘रामदास’ला विसरतो, हे मला खटकते. 17 जुलै 1947 रोजी, स्वातंत्र्याला महिनाही उरला नसताना, ती बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली होती. अमावास्या होती आणि सणासाठी घरी निघालेल्यांची गर्दी होती. मुंबई बंदराच्या तोंडाशी काशाच्या खडकाजवळ खवळलेल्या समुद्रात ती कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी संदेशाचे यंत्र नव्हते, त्यामुळे सकाळी घडलेली दुर्घटना मुंबईला कळायला दुपार उलटली. जे वाचले त्यांतल्या अनेकांना मासळी घेऊन निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी पाण्यातून काढले. त्याच कंपनीची ‘तुकाराम’ 1927 साली अशीच बुडाली होती. आज निघण्यापूर्वी जाकिटे कुठे आहेत, धोक्याच्या वेळी कुठे जमायचे हे प्रवाशांना दाखवतात, जहाज सतत किनाऱ्याशी संपर्कात असते आणि मोठ्या जहाजांच्या पोटाखालचे पंख डोलणे इतके कमी करतात की, बोट लागणे पूर्वीसारखे अटळ राहिलेले नाही. ही प्रगती मी मनापासून मोठी मानतो.

परदेशी प्रवासाची गोष्ट निराळी, पण दिशा तीच. 1931 साली गोलमेज परिषदेसाठी डॉ. आंबेडकर ‘मुलतान’ने आणि त्यानंतर दोनच आठवड्यांनी, 29 ऑगस्टला, गांधीजी ‘राजपुताना’ने मुंबईहून निघाले, गांधीजी फ्रान्समधल्या मार्सेल बंदरात 11 सप्टेंबरला पोहोचले. 1948 च्या जूनमध्ये एअर इंडिया इंटरनॅशनलचे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला जाऊ लागले. पुढे 1967 ते 1975 सुएझ कालवा बंद राहिला, तेव्हा बोटीने विलायतेला जाण्याचे कारणच फारसे उरले नाही.

कोकणात विमानाने नव्हे, तर एसटीने आणि रस्त्यांनी बोट मागे सारली. मोगल लाइन कंपनीच्या ‘कोकण शक्ती’ आणि ‘कोकण सेवक’ या बोटींनी प्रवास केलेली माणसे अजून आपल्यात आहेत. 1980 च्या दशकाच्या अखेरीस ती सेवा संपली. 1990 च्या दशकात दमानियांच्या कॅटामरानने, म्हणजे जोड-सांगाड्याच्या वेगवान बोटीने, मुंबई-गोवा प्रवास दिवसाउजेडी होऊ लागला, पण तीही टिकली नाही. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. मग 2018 साली मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ ही क्रूझ आली, ती वातानुकूलित खोल्या आणि उपाहारगृहे घेऊन.

माझे म्हणणे एवढेच आहे की, सुरक्षितता वाढली, सुखसोयी वाढल्या, पण डेकवरचा प्रवासी जहाजावरून उतरला तो पुन्हा चढलाच नाही. तुझे जहाज रात्री दाभोळ, जयगड, देवगड यांच्या समोरून जाईल आणि कुठेही थांबणार नाही. गणपतीत गावी जाणारा चाकरमानी मात्र महामार्गावर रात्रभर अडकलेला असतो, नाही तर रेल्वेच्या दारात लटकलेला असतो. 2020 पासून भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सेवा चालते आणि साधारण तासाभरात गाडीसकट माणूस पलीकडे जातो, हे पाहिले म्हणजे काम अशक्य नाही हे पटते. दूरच्या बंदरांसाठी मात्र खाड्यांच्या मुखाशी साचलेला गाळ काढावा लागेल, भरती-ओहोटीत सारखेच उपयोगी पडतील असे धक्के बांधावे लागतील आणि तिकीट एसटीच्या प्रवाशाला परवडेल असे ठेवावे लागेल. पावसाळ्यात ही सेवा बंद राहील, ते खुशाल राहो. वर्षातले आठ महिने तरी समुद्र मोकळा असतो. सरकार रस्त्यांसाठी खर्च करते, तसा या मार्गासाठीही करायला हवा, असे मला ठामपणे वाटते.

तू येशील तेव्हा गोव्याहून परतताना रेल्वेने रत्नागिरीला उतर. मिरकरवाड्यात जुन्या बोटींवर काम केलेले एक वृद्ध खलाशी राहतात. त्यांच्याकडे तुला घेऊन जाईन. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

कळावे, लोभ असावा.

तुझा मित्र