ओठ बधिर, दाढ जागी

प्रिय मंदे,

पत्र नाही म्हणून रुसली असशील, तर तो रुसवा पुढच्या पत्रापर्यंत राखून ठेव. आज मला तक्रार करायची आहे आणि घरात कुणी ऐकून घेत नाही. बाकी प्रकृती ठीक, बीपी आटोक्यात.

खालच्या दाढेचं रूट कॅनाल सुरू केलंय. इंजेक्शन दिलं, ओठ, हनुवटी, अर्धी जीभ गार. चूळ भरली तर पाणी थेट पदरावर. आणि ड्रिल दाढेच्या आत पोचलं मात्र, मी खुर्चीतून उठलेच! डॉक्टर म्हणतात, "ओठ बधिर आहे ना? मग दुखणार नाही. तुम्ही घाबरताय." तोंडात नळी, कापूस आणि त्यांची दोन बोटं. काय बोलणार? आपल्या दोघींत भित्री कोण, ते सुधाकाकूंच्या गच्चीवर एकदाच ठरलंय.

छातीत धडधडत होतं हे खरं. पण इंजेक्शनात लिडोकेन, म्हणजे बधिर करणारं औषध, आणि त्याबरोबर अॅड्रेनलिन असतं गं, बहुतेक 80,000 भागांत एक भाग. रक्तवाहिन्या आवळून औषध जागेवर धरून ठेवायला. त्यातलं थोडं रक्तात गेलं की धडधड होणारच. आधी टोचायचं आणि मग धडधडतं म्हणून भित्री ठरवायचं!

घरी येऊन वाचत बसले. नसेतून संदेश जातो तो सोडियमचे आयन आत घुसल्यामुळे. (हो, प्रॅक्टिकलच्या वेळी तू हेच म्हणत होतीस आणि मी 'तारेतल्या विजेसारखं' म्हणत होते. तू बरोबर होतीस असं मी अजूनही लिहून देणार नाही.) लिडोकेन त्या सोडियमच्या वाटा बंद करतं, आणि तेही नसेच्या आतल्या बाजूने. म्हणजे आधी आत शिरायला हवं, आणि शिरू शकतो तो त्याचा विद्युतभार नसलेला भाग. शरीराच्या 7.4 पीएचला (पीएच कमी, तितकी आम्लता जास्त) तो जेमतेम चौथा हिस्सा असतो. सूज आली की तिथे आम्लता वाढते, पीएच 6.5 वर उतरला तर शंभरात चार! बाकीचे बाहेरच ताटकळत.

मी खूश. आता फोन करून डॉक्टरांना ऐकवणार, तेवढ्यात तुझा आवाज कानात आला, "पण सुई कुठे टोचली होती?" मंदे, तू नसतानाही नडतेस. खालच्या जबड्याचं हाड टणक, दाढेपाशी दिलेलं औषध त्यातून नीट झिरपत नाही. म्हणून मागे, नस जबड्यात शिरते तिथे सुई देतात. सूज तर इथे, दाढेत. मग आम्लतेचं सगळं गणित लागू कसं पडेल? खरी गोम निराळी दिसते. सुजलेल्या दाढेची नस इतकी चिडलेली असते की जराशा स्पर्शानेही पेटते, आणि तिच्यातल्या काही सोडियमच्या वाटा लिडोकेनला सहजी दाद देत नाहीत. ओठ पूर्ण बधिर आणि दाढ जागी, हे त्यामुळेच होऊ शकतं. दंतवैद्यांना हा प्रकार चांगला माहीत असतो, म्हणून तर माझा संताप.

पुढची बैठक गुरुवारी. जास्तीचं औषध दाढेच्या कडेने हिरडीत देता येतं, दाढ आणि हाडाच्या फटीतही, आणि शेवटी थेट आतल्या गरातसुद्धा. ते शेवटचं क्षणभर ब्रह्मांड दाखवतं म्हणे. मला त्या दुखण्याची भीती नाही. मी हात वर केला आणि ते थांबलेच नाहीत तर? रात्री दोनला हेच डोक्यात फिरतं. हे म्हणतात, डॉक्टर बदल. अर्धी उघडी दाढ घेऊन कुठे जाऊ?

तुझ्या बदलीचं काय झालं? चिनू बोलायला लागला का? नणंदेचं मी काही विचारत नाही, तूच सांगशील.

बुधवारी रात्री फोन कर. सुरुवातीलाच डॉक्टरांना काय सांगायचं ते दोन वाक्यांत ठरवून दे. मी बोलायला लागले की भांडण होतं.

तुझी,
शमी