घरट्यांचे फोटो छापणं बंद करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीत घराजवळच्या पक्ष्यांचं पान बघितलं आणि रात्रभर तेच डोक्यात होतं. फोटो सुंदर आहे, नाही कोण म्हणतंय, शिंजीर या चिमुकल्या पक्ष्याच्या पिल्लांनी घरट्याच्या दारातून चोची वासल्यात आणि मादी अळी घेऊन आलीये. पण डाव्या कोपऱ्यात नुकत्याच छाटलेल्या फांदीचं पांढरं टोक स्पष्ट दिसतंय, ते छापायच्या आधी एकालाही दिसलं नाही? घरट्यावर आडोसा धरणारी फांदी होती ती. आणि फोटोखाली सोसायटीचं नाव, शिवाय विंगसुद्धा! आता येत्या रविवारी तिथे कॅमेरेवाल्यांची गर्दी होणार.

मी हे अंदाजाने लिहीत नाहीये. २०१९ च्या मार्चमध्ये आमच्या कोथरूडच्या गॅलरीत केबलच्या जुन्या वायरला शिंजीरने घरटं केलं होतं, बोगनवेलीच्या आड. कोळ्याचं जाळं, सालीचे तुकडे, कापूस असलं काय काय आणून मादी एकटीच विणत होती. अंडीही तीच उबवते, पंधराएक दिवस. आम्ही महिनाभर कपडे हॉलमध्ये वाळत घातले, गॅलरीचं दार बंद. पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यावर मात्र मला राहवलं नाही आणि मी मोबाईलवर काढलेला फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. रविवारी चारजण हजर, मोठ्या लेन्स, ट्रायपॉड. एकजण म्हणाला उजेड येत नाहीये आणि त्याने बोगनवेल सुतळीने मागे बांधली. दोन तास मादी चोचीत किडा धरून समोरच्या वायरवर चिक् चिक् करत बसली होती, आत यायची हिंमतच नव्हती तिची. आणि मी त्या लोकांना चहा करून दिला. जाताना सुतळी कुणी सोडली नाही, माझ्याही लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आत कावळ्याने घरटं फाडलं. मादी पुढचे दोन दिवस किडा घेऊन येत होती.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे त्यात पक्ष्यांच्या घरट्याला किंवा अंड्यांना त्रास देणं पण येतं. शिकार! बंदूकच लागते असं नाही. बऱ्याच फोटो स्पर्धा घरट्याचे फोटो घेतच नाहीत, मग आपण का छापायचे? नोव्हेंबरात पक्षी सप्ताह आला की तुमच्याकडे पक्षी वाचवा म्हणून पानभर लेख येतो, ते मनापासून असेल तर हे पण पाळा.

फोटो काढूच नका असं माझं म्हणणं नाही, मी स्वतः रोज काढते. गॅलरीच्या कोपऱ्यात मातीची पसरट परात पाणी भरून ठेवलीये आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीत पडद्यामागे उभी राहते, बस. बुलबुल, दयाळ, नाचण सगळे आंघोळीला येतात. गल्लीतल्या उंबराला फळं धरली की तांबट आणि राखी धनेशची जोडी पण येते, घरट्याच्या जवळपास फिरकावं लागत नाही.

अजून एक. फोटोखाली तुम्ही 'हमिंगबर्ड' लिहिलंय. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत असतो हो, भारतात नाही! हा आपला शिंजीर, कुणी सूर्यपक्षी म्हणतात. इतकं छान मराठी नाव असताना ही चूक दर उन्हाळ्यात होते, मागच्या वर्षी पण झाली होती आणि मी फोन केला होता, कळवतो म्हणाले. उद्याच्या अंकात दुरुस्ती छापा, आणि दिसेल अशा जागी छापा, कारण माझ्या नातीने ते कात्रण शाळेच्या प्रोजेक्टच्या वहीत चिकटवलंय आणि पेपरात आलंय म्हणजे बरोबरच असणार असं ती मला सांगतीये.

आपली,
एक जुनी वाचक, कोथरूड, पुणे