बुटांची पट्टी कापून मिळणार नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बार्शीत माझे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे. गेल्या सोमवारी एक ताई दीड वर्षाच्या मुलाला कडेवर घेऊन आल्या आणि पिशवीतून बुटांची जोडी काढून त्यांनी फळीवर ठेवली. दोन छोटे बूट, मध्ये त्यांना जोडणारी आडवी पट्टी. म्हणाल्या, "दादा, एवढी पट्टी कापून द्या. पाय सरळ झालाय आता. बूट चांगलेत, पोराला चालताना होतील."

मी आरीला हात लावला नाही. दुकानात जुन्या ट्यूबांशेजारी खिळ्याला तसलीच एक जोडी टांगलेली आहे, ती काढून त्यांच्यासमोर ठेवली. माझ्या मुलाची. तो आता सहा वर्षांचा आहे आणि दिवसभर गल्लीत टायर पळवतो.

जन्मला तेव्हा त्याचा उजवा पाय घोट्यातून आत वळलेला होता, तळवा वर आलेला. प्रसूती झाली तिथे सांगितले, मोठा झाला की ऑपरेशन करू. घरात ठरले की सुनेने ग्रहणात विळीला हात लावला असणार. त्या नऊ महिन्यांत इथून दिसणारे ग्रहण होते का, हे पाहायला कुणी कॅलेंडर उघडले नाही. मालिश करणारी बाई रोज तेल लावून पाय ओढायची आणि बाळ किंचाळायचे. असे बावीस दिवस गेले. मग आशाताई गृहभेटीला आल्या, दुपटे बाजूला केले आणि म्हणाल्या, "हा क्लबफूट आहे. प्लास्टरने बरा होतो, उद्याच निघा."

दर आठवड्याला पहाटेच्या एसटीने सोलापूर. जुने प्लास्टर भिजवून उतरवायचे, डॉक्टर पाय हातात धरून थोडासाच वळवणार, की मांडीपर्यंत नवे प्लास्टर. पहिल्या खेपेला तर पाय आधीपेक्षा विचित्र दिसत होता, बायको वाटभर रडली. पण मला तिसऱ्या आठवड्यात खूण पटली. चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढताना एकच तार कचकन आवळली तर रिम जाते. पाव आटा इथे, पाव आटा तिथे, मग चाक फिरवून बघायचे. तान्ह्या बाळाचे सांधेबंध मऊ असतात, ते असेच बेताबेताने ऐकतात. सहा प्लास्टरे झाली. मग जागा बधिर करून टाचेमागची ताठर शीर एवढ्याशा छेदातून कापली, टाकासुद्धा नाही. शेवटचे प्लास्टर तीन आठवडे ठेवले, तेवढ्यात शीर पुन्हा जुळून आली, आता पुरेशा लांबीची.

ही पद्धत डॉ. इग्नासिओ पोन्सेती यांची. जन्म १९१४, स्पेनच्या मिनोर्का बेटावर. पुढे अमेरिकेत आयोवा विद्यापीठात त्यांनी पाहिले की लहानपणी मोठी ऑपरेशने झालेले पाय मोठेपणी ताठ होतात, दुखतात. म्हणून १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी हा मार्ग काढला. डॉक्टर मंडळींनीच तो कित्येक वर्षे मनावर घेतला नाही. त्यांचे वडील घड्याळजी होते, हे वाचले तेव्हा मला कारण नसताना अभिमान वाटला.

पण माझे सांगणे प्लास्टरबद्दल नाही, बुटांबद्दल आहे. प्लास्टर निघाले की पाय इतका सुरेख दिसतो की पेढे वाटावेसे वाटतात, आणि चूक होते ती तिथेच. तो पाय परत आत वळू पाहतो. त्याला बाहेरच्या बाजूला धरून ठेवते ती ही पट्टी. नुसते बूट म्हणजे फक्त बूट. आमच्या मुलाचा बूट बाहेर सत्तर अंशांवर होता, चांगल्या पायाचा चाळीसवर. पहिले तीन महिने तेवीस तास, मग रात्री आणि दुपारच्या झोपेत, चार वर्षांचा होईपर्यंत. पहिल्या दोन रात्री त्याने घर डोक्यावर घेतले. मग मी पट्टी धरून दोन्ही पाय एकदम पुढेमागे करायचा खेळ काढला, तो त्याला जमला आणि रडणे थांबले. बोल्ट सैल होऊन कोन बदलू नये म्हणून बोल्टपासून तळापर्यंत नेलपॉलिशची एक रेघ ओढून ठेवली होती. रेघ तुटकी दिसली की पान्हा.

सोमवारी त्या ताईंच्या मुलाला स्टुलावर बसवून बूट घालून पाहिले. टाच खाली टेकेना आणि बोटे पुढे कडेबाहेर येत होती. बूट दोन मापांनी लहान झाले होते! पोरगे रोज रात्री त्यामुळे रडत होते, आणि आजी म्हणत होती, काढून टाका ती बेडी. नव्या मापासाठी जायचे तर नवऱ्याची एक दिवसाची हजेरी बुडते, वर दोघांचे एसटीचे भाडे. त्यामुळे चार महिने जाणे झाले नव्हते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्यात तपासायच्या दोषांच्या यादीत क्लबफूट आहे, त्याचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येते. माझी विनंती एवढीच की त्या पथकाने अशा मुलाचा पाय पाहून थांबू नये, घरातले बूटही आणायला सांगावे. टाच टेकते का, बोटे बाहेर येतात का, बोल्ट घट्ट आहे का, पाहायला दोन मिनिटे लागतात. आणि पुढच्या मापाचे बूट तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ठेवता आले तर आईबापांची ती एक खेप वाचेल.

ताई या आठवड्यात सोलापूरला जाणार आहेत, मी आशाताईंशी गाठ घालून दिली आहे. बार्शीच्या आसपास कुणाच्या बुटांचा बोल्ट सैल झाला असेल तर दुकानात आणा, पैसे घेणार नाही. पट्टी मात्र कापून मिळणार नाही.

— एक सायकल मेकॅनिक, बार्शी