तिकिटं मोजता, माणसंही मोजा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कुठल्या स्थानकातले प्रवासी वाढले, कुठले घटले, ठाणे पुढे की डोंबिवली, अंधेरी की बोरिवली, ही बातमी आपल्या वृत्तपत्रात अधूनमधून येते. मी तिचं कात्रण काढून ठेवते, कारण माझं सगळं आयुष्य एका स्टेशनाच्या शेजारी गेलं आहे. पण ती वाचताना दर वेळी एक गोष्ट खटकते. या वेळी लिहायचंच ठरवलं.

आमची चाळ करी रोड स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर आहे. गॅलरीत उभं राहिलं की स्टेशनातून बाहेर पडणारी माणसं दिसतात. माझ्या लहानपणी सकाळची गर्दी रेल्वेची नव्हतीच. गिरणीचा भोंगा झाला की माणसं चाळींतून निघायची आणि पायीच कामावर जायची. माझे वडील गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. लोकलचा पास त्यांनी जन्मात काढला नाही, काढायची वेळच आली नाही. स्टेशनात शिरायचे ते फोर्टात नोकरी करणारे थोडेफार लोक, आणि दुपारी तर फलाटावर आम्ही पोरं लपाछपी खेळायचो.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पुढची दहा-पंधरा वर्षं आमच्या मजल्यावरची बिऱ्हाडं एकेक करून उठत गेली. कोणी डोंबिवलीला, कोणी दिव्याला, कोणी थेट विरारला. माझा धाकटा भाऊही तेव्हाच डोंबिवलीला राहायला गेला. गिरण्यांच्या जागी कार्यालयं आली, मॉल आले, टॉवर आले. आता सकाळी साडेआठ ते साडेदहा गॅलरीतून पाहते तेव्हा सगळा लोंढा स्टेशनातून बाहेर येत असतो. जे इथून उठून गेले, त्यांचीच मुलं आता सकाळी लोकलने इथे कामाला येतात आणि रात्री परत जातात. माझा भाचा त्यांतलाच. त्याच्या आजोबांची गिरणी जिथे होती, तिथून त्याचं ऑफिस पाच मिनिटांवर आहे.

आता खटकणारी गोष्ट सांगते. स्थानकाची प्रवासीसंख्या म्हणून जो आकडा छापून येतो तो त्या स्थानकापासून काढलेल्या तिकिटांचा आणि पासांचा असतो. पासधारक रोज ये-जा करतो असं धरून त्याच्या खेपा त्यात मिळवतात. उत्पन्नाच्या हिशोबासाठी हे ठीकच आहे. पण माझ्या भाच्याचा पास डोंबिवलीचा. म्हणजे तो डोंबिवलीच्या आकड्यात. सकाळी साडेनऊला करी रोडच्या जिन्यावर जो धक्के खात उभा असतो, तो करी रोडच्या आकड्यात नाही. फास्ट गाडीतून उतरून दादरला तो स्लो पकडतो, तेव्हा दादरच्या पुलावरही तो असतो, पण दादरच्या आकड्यातही नाही. असे त्याच्यासारखे किती असतील याचा विचार करा.

माझंच उदाहरण घ्या. मी घाटकोपरच्या एका शाळेत तीस वर्षं शिकवलं. पास करी रोडचा, म्हणून हिशोबात मी कायम करी रोडची. घाटकोपरच्या जिन्यावर तीस वर्षं रोज चढले-उतरले, पण तिथल्या संख्येत मी एक दिवसही नव्हते. 8 जून 2014 ला वर्सोव्यापासून घाटकोपरपर्यंतची मेट्रो सुरू झाली आणि काही आठवड्यांत त्या स्टेशनाची तऱ्हाच बदलली. ठाण्याकडून येऊन अंधेरीला जाणारे सगळे घाटकोपरला उतरू लागले. पूर्वी ते दादरला जाऊन पश्चिम रेल्वेची गाडी पकडायचे. त्यांचे पास ठाण्याचे, मुलुंडचे, कल्याणचे. ज्या पुलावरून मी वर्गातल्या वह्यांचा गठ्ठा हातात घेऊन आरामात चालत असे, तिथे शाळेला वेळेत पोहोचायचं म्हणून मला आधीची गाडी धरावी लागली. त्या एका महिन्यात घाटकोपरच्या तिकीटखिडकीला त्याची कितपत खबर लागली असेल?

दुसरी एक गंमत नव्हे, व्यथा. डोंबिवली, ठाकुर्लीची पुष्कळ माणसं बसायला मिळावं म्हणून सकाळी आधी उलटी कल्याणला जातात आणि तीच गाडी परत फिरली की बसून येतात. याला ‘डाउन मारणे’ म्हणतात. नालासोपाऱ्याची माणसं विरारला जाऊन हेच करतात. त्यासाठी काही जण पासच कल्याणपासूनचा काढतात. म्हणजे राहतो ठाकुर्लीला, मोजला जातो कल्याणला आणि चेंगरतो दादरला. अशा आकड्यावरून कुठे जिना रुंद करायचा आणि कुठे नवा पूल टाकायचा हे ठरवायचं कसं?

2020 नंतर हा आकडा आणखीच फसवा झाला आहे. त्या मार्चमध्ये लोकल बंद झाल्या, 15 जूनपासून अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी सुरू झाल्या, आणि 15 ऑगस्ट 2021 पासून लशीच्या दोन मात्रा घेतलेल्यांना प्रवास खुला झाला. तेव्हापासून कार्यालयांचे दिवस बदलले. माझी सून आठवड्यातून तीन दिवस जाते. तिने पास काढला तर हिशोबात ती रोज प्रवास करते, नाही काढला तर फक्त तीन दिवस. दोन्ही वेळा गाडीत ती तितकीच असते. सोमवारी, शुक्रवारी आमच्या जिन्यावर जरा तरी श्वास घेता येतो. मंगळवार ते गुरुवार मात्र पूर्वीइतकीच, कधी पूर्वीहून जास्त गर्दी असते. वर्षाच्या सरासरीत हे तीन दिवस विरघळून जातात.

त्या जिन्यावर नेमकं काय होतं ते सांगते. आमच्या स्टेशनाला दोन्ही बाजूंना गाड्या लागणारा एकच फलाट. गाडी लागते, माणसं उतरतात आणि जिन्याच्या तोंडाशी गोळा होतात. पुढच्या रांगेतले पायऱ्या चढत असतात. मागचे चालत नसतात, नुसते या पायावरून त्या पायावर डोलत असतात, कारण पाऊल टाकायला जागा नसते. बॅगा पाठीवरून काढून छातीशी धरलेल्या. कोणी कोणाशी बोलत नाही. शेवटचा माणूस पहिल्या पायरीशी पोहोचतो न पोहोचतो तोवर समोरच्या बाजूला दुसरी गाडी लागलेली असते. आणि त्या वेळी एखाद्या म्हाताऱ्या माणसाला गाडी पकडायला खाली उतरायचं असेल, तर त्याने कठड्याला धरून कडेने एकेक पायरी उतरायची. मी हे आठवड्यातून दोनदा करते. दोन्ही हातांनी कठडा धरावा लागतो, म्हणून पिशवी न्यायचं सोडून दिलं आहे.

29 सप्टेंबर 2017 च्या सकाळी एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) स्टेशनाच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत 23 माणसं गेली. दसऱ्याचा आदला दिवस होता, जोराचा पाऊस होता, आणि भिजू नये म्हणून माणसं पुलावरच थांबली होती. तो अरुंद पूल पश्चिम रेल्वेचं एल्फिन्स्टन रोड आणि मध्य रेल्वेचं परळ या दोन्ही स्टेशनांना जोडणारा. ते गिरण्यांच्या काळातलं स्टेशन होतं आणि त्यावर कार्यालयांच्या काळातली गर्दी येऊन पडली होती. उतरणारी गर्दी, म्हणजे दुसऱ्याच कुठल्या तरी स्टेशनाच्या पासावर आलेली. आम्ही परळ-लालबागची माणसं त्या पुलाबद्दल कितीतरी वर्षं आपापसात बोलत होतो. नंतर लष्कराने तिथे, आमच्या करी रोडला आणि आंबिवलीला असे तीन पूल उभारले, आणि फेब्रुवारी 2018 मध्ये ते खुलेही झाले. काही महिन्यांत पूल उभा राहू शकतो हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. कुठे उभा करायचा हे आधी कळायला हवं होतं.

आणखी एका माणसाची मोजणी कुठेच होत नाही. तो म्हणजे गाडीने न जाणारा. सप्टेंबर 2025 मध्ये एल्फिन्स्टनचा रस्त्यावरचा जुना पूल पाडण्यासाठी बंद झाला आणि प्रभादेवीकडून परळला पायी येणारी माणसं रेल्वेच्या पुलावर आली. त्यांत केईएमला, टाटाला, वाडियाला जाणारे रुग्ण आहेत, त्यांचे डबे नेणारे नातेवाईक आहेत. त्यांचं ना तिकीट, ना पास. पण पुलावरची जागा त्यांनाही लागतेच.

मी एकदा एका स्थानकाच्या कार्यालयात जाऊन विचारलं होतं की सकाळी इथे उतरतात किती. तिथले गृहस्थ सज्जन होते, त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. म्हणाले, “मॅडम, तिकिटं किती गेली ते सांगतो. उतरलेली माणसं कोण मोजणार?” त्यांचा दोष नव्हता, त्यांच्याकडे तो तक्ताच नव्हता.

मेट्रोला हे अवघड जात नाही. तिथे आत जाताना फाटक आणि बाहेर पडतानाही फाटक, त्यामुळे कोण कुठे चढला आणि कुठे उतरला हे आपोआप नोंदलं जातं. लोकलला फाटकं बसवा असं मी मुळीच म्हणत नाही, सकाळच्या गर्दीत ते आणखी धोक्याचं होईल. पण पुलांवर, जिन्यांवर कॅमेरे आहेत. त्यांवरून तासातासाची मोजणी करता येईल. नाहीतर कॉलेजच्या मुलांना हातात मोजणीयंत्र देऊन दर सहा महिन्यांनी एक मंगळवार आणि एक शुक्रवार जिन्यांवर उभं करा. गणपतीत हेच स्टेशन कसं सांभाळतात ते आम्ही दरवर्षी पाहतो. लालबागला माणसं लोटणार हे ठाऊक असतं, म्हणून दोर लागतात, एका जिन्याने चढायचं आणि दुसऱ्याने उतरायचं ठरतं, पोलीस उभे राहतात, विसर्जनाच्या रात्री जादा गाड्या सुटतात. दहा दिवस जे जमतं ते उरलेल्या वर्षात अंदाजाच्या भरवशावर सोडलं जातं.

आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर 2025 मध्ये पूर्ण सुरू झाली आहे. वरळी, महालक्ष्मी, दादर, सीएसएमटी इथली गर्दी आता पुन्हा सरकणार. कुठे हलकी होईल, कुठे नव्याने साचेल. घाटकोपरला 2014 मध्ये जे झालं तसं दुसरीकडे होण्याआधी मोजणी सुरू व्हावी अशी माझी रेल्वेला कळकळीची विनंती आहे.

आणि एक विनंती आपल्याला. पुढच्या वेळी स्थानकांचा तक्ता छापाल तेव्हा प्रवासीसंख्येच्या शेजारी ‘इथे उतरणारे’ असा आणखी एक रकाना रेल्वेकडे मागा. उत्तर आलं नाही, तर रकाना तसाच रिकामा छापा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
करी रोड, मुंबई