राष्ट्रपतिपदाला महाराष्ट्राचं मत

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

फोनवर तू विचारलंस, "बाबा, राष्ट्रपतिपदाला आपण मत देतच नाही, मग महाराष्ट्रानं कुणाला मत दिलं हे कसं कळतं?" तेव्हा मी अर्धवटच सांगितलं. तुझी मेस बंद होत होती.

आपल्या वतीनं आमदार मत देतात. फक्त विधानसभेचे, विधान परिषदेचे नाही. आमदाराला गुलाबी मतपत्रिका, खासदाराला हिरवी, आणि नावापुढे पसंतीचा आकडा लिहायचा. पक्षाला व्हिप, म्हणजे अमक्यालाच मत द्या असा आदेश, काढता येत नाही. मग पेट्या दिल्लीला जातात. 2022 मध्ये विमानात पेटीचं वेगळं तिकीट काढलं होतं, 'मिस्टर बॅलट बॉक्स' या नावानं! कोणत्या आमदारानं काय केलं ते गुप्त राहतं, पण राज्याची बेरीज बाहेर येते.

त्या वर्षी आपली बेरीज होती द्रौपदी मुर्मू 181, यशवंत सिन्हा 98, बाद 4. (आमदार होऊन आकडा लिहिता येत नाही, त्या चौघांना काय म्हणावं!) आता हे 181 नीट बघ. 4 जुलैला एकनाथ शिंदे यांनी विश्वासदर्शक ठराव जिंकला तो 164 मतांनी. मग 18 तारखेला मतं वाढली कशी? कारण उद्धव ठाकरे यांनीही मुर्मूंनाच पाठिंबा दिला होता. एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन गट त्या दिवशी एकाच नावापुढे 1 लिहीत होते. काँग्रेस आणि राष्ट्रवादी मात्र सिन्हांकडे.

मित्रपक्षांना सोडून दुसऱ्या उमेदवाराला मत देण्याची शिवसेनेची ही खोड जुनी. 2012 मध्ये मित्रपक्ष भाजप पी. ए. संगमांच्या मागे आणि सेना प्रणव मुखर्जींच्या. त्याआधी 2007 मध्ये प्रतिभाताई पाटील उभ्या राहिल्या, समोर भाजपच्या पाठिंब्याचे भैरोंसिंह शेखावत. युतीत असूनही बाळासाहेबांनी प्रतिभाताईंना पाठिंबा दिला, मराठी म्हणून. गंमत म्हणजे ताईंच्या सासरचं आडनावही शेखावतच, घराणं मूळ राजस्थानचं. लेक जळगावची, सून आपल्या अमरावतीची, त्यामुळे गावात काय आनंद होता तो विचारू नकोस. मलाही झाला. पण मराठी आहे एवढ्यावर मत द्यावं हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. आणि तोच निकष असेल तर 1969 चं काय? मुंबईसाठी केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडणारे चिंतामणराव देशमुख तेव्हा उभे होते. काँग्रेसचं घरचं भांडण व्ही. व्ही. गिरी आणि नीलम संजीव रेड्डी या दोन उमेदवारांत पेटलेलं, देशमुख तिसरे आले. आपल्याकडे त्यांची आठवण तरी कोण काढतं?

पण तुला खरं सांगायचंय ते 175 बद्दल. आपल्या एका आमदाराच्या मताचं मूल्य 175, म्हणजे त्याचं एक मत मोजताना 175 धरतात. राज्याची लोकसंख्या भागिले आमदार, पुन्हा भागिले 1000. लोकसंख्या कधीची, तर 1971 ची, 5 कोटी 4 लाख. त्या शिरगणतीत मी आहे, तीन वर्षांचा. तुझी आई नाही, तू तर नाहीसच. त्यानंतर ठाण्यात, पिंपरीत पोटासाठी येऊन राहिलेली माणसंही या 175 मध्ये नाहीत.

तामिळनाडूच्या आमदाराचं मूल्य 176, आपल्याहून एक जास्त. 2011 ची लोकसंख्या धरली तर आपलं 390 होतं आणि त्यांचं 308. हा आकडा गोठवला तो लोकसंख्या आवरणाऱ्या राज्यांचं वजन घटू नये म्हणून. हेतू मला मान्य आहे. दक्षिणेनं कुटुंब लहान ठेवलं म्हणून तिचा आवाज लहान करायचा, हे अन्यायाचंच झालं असतं. तरी पन्नास वर्षांहून जुन्या माणसांच्या नावानं आजचा राष्ट्रपती निवडायचा, हे पचायला जड जातं. तुम्हा मुलांना तर जास्तच जायला हवं.

मुर्मूंची मुदत जुलै 2027 मध्ये संपते. 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत 1971 चेच धरायचे, असं घटनेत आहे. आकडे वेळेत आले नाहीत, तर 2024 ला तू पहिलं मत देऊन निवडलेला आमदार पुन्हा 175 च्याच हिशेबानं मत देईल. तो कुणाला देणार, हे विचारायला त्याच्या कार्यालयात जायचा तुला हक्क आहे. मी यायला तयार आहे.

तुझा,
बाबा