त्या चौघांचे आभार

एप्रिल 2021. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत बाबा गेले. घरात आम्ही सगळेच पॉझिटिव्ह. दाराशी यायला कोणी धजावत नव्हतं, आणि त्यात कोणाचा दोषही नव्हता.

आमच्या चर्चच्या मंडळीतले चार तरुण आले. पीपीई किट घालून त्यांनी पेटी उचलली, दोरांनी कबरीत उतरवली, आमच्या वाटची मूठमूठ मातीही टाकली. एकाने फोन उंच धरला होता, म्हणून बाबांचं आवडतं तेविसावं स्तोत्र आम्हाला घरून ऐकता आलं. चेहरे दिसलेच नाहीत. नावं विचारायचं भान नव्हतं.

चर्चच्या पाळकांकडून नंतर कळलं, एकाच्या घरी तान्हं बाळ होतं. पंचेचाळिशीच्या आतल्यांना तेव्हा लसही खुली नव्हती. रात्रभर प्रार्थना करून तो बायकोला एवढंच म्हणाला, “प्रभू जा म्हणतोय.” तिने अडवलं नाही.

पक्षाघाती माणसाला छपरातून येशूसमोर खाली सोडणारे चौघेही बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानात बिननावाचेच आहेत. येशूने त्यांचा विश्वास पाहिला, एवढंच लिहिलंय. तो भाग वाचताना आता मला तुम्हीच दिसता.

भावांनो, तुमचे आणि त्या बाळाच्या आईचे मनापासून आभार. बाबांच्या कबरीवर आता दगड बसवलाय. तिकडे आलात तर घरी चहाला या. आई वाट पाहतेय.